गुरुवारच्या अळ्या

आमच्या घरात किडा मारणं हे पाप नव्हतं, पोटापाण्याचं काम होतं. आम्ही कोष्टी. गोळीबार चौकामागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत बाबांचा हातमाग आणि मागच्या खोलीत आम्ही सगळे. बाबा करवतकाठी साडी विणायचे, काठाला करवतीसारखे दाते असलेली. तिच्या अंगाला कोसा लागतो, म्हणजे जंगलातल्या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचं रेशीम. त्याचे कोश उमरेडकडून पोत्यांतून यायचे, लहान अंड्याएवढे, राखाडी, टणक, आणि प्रत्येकाच्या आत एक जीव. तो आपणहून बाहेर निघाला तर कोशाला भोक पडतं आणि धागा तुटतो, म्हणून त्याआधीच कोश सोड्याच्या पाण्यात उकळायचे. हे काम आईचं. उकळल्या कोशांचा तो आंबूस, मातकट वास आमच्या कपड्यांना, वह्यांना, भाकरीलाही असायचा आणि शाळेत माझ्याशेजारी बसायला मुली नाखूश असायच्या. मला स्वतःला तो वास कळतच नसे. मागाची खटखट जशी ती थांबल्यावरच ऐकू यायची, तसंच ते.

कोश पाण्यात सोडण्याआधी आई पातेल्याच्या काठाला दोन बोटं लावायची आणि पुटपुटायची, "माफ कर गा बाबा, पोटासाठी करून राहिली." मग झाकण. नऊ वर्षांची असताना एका सकाळी मी पाहिलं की टोपलीतल्या एका कोशातून पतंग बाहेर आला आहे. ओला, चुरगळलेला. तासाभरात त्याचे पंख उलगडले, बदामी रंगाचे, आणि प्रत्येक पंखावर काचेसारखा आरपार दिसणारा एक गोल. मी श्वास रोखून बसले होते. तेवढ्यात आईने उरलेली टोपली उचलून पातेल्यात रिकामी केली. त्या दिवशी मी रडून गोंधळ घातला आणि जाहीर केलं की मी जन्मात कुठलाही जिवंत जीव उकळत्या पाण्यात टाकणार नाही. बाबांनी माग थांबवला आणि आईला म्हणाले, "ऐकलं काय वं? कोष्ट्याच्या घरी मुनी महाराज जन्मले!" पुढे कितीतरी वर्षं मला घरात मुनी महाराज हेच नाव होतं. सावजी मटणाच्या रश्शाला मात्र मुनी महाराजांचा कधीच विरोध नव्हता, हेही कबूल केलेलं बरं. माणसाची दया अशीच असते, स्वतःच्या ताटापर्यंत येऊन थबकते.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी.ला गेले तेव्हा मला फुलपाखरांवर काम करायचं होतं. वाट्याला आले मोहगावकर सर, आणि सरांच्या वाट्याला होत्या माश्या. साध्यासुध्या नाहीत, मेलेल्या देहावर येणाऱ्या. त्या काळी पोलिसांना अशी मदत करणारे लोक फारसे नव्हते आणि सरांना कॉलेजात मागून 'मुडदा मास्तर' म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली एक अळी दाखवली, तीही तिची मागची बाजू. मी नाक मुरडून डोळा लावला आणि तो काढायचं विसरून गेले. अळीच्या टोकाला तपकिरी रंगाच्या दोन गोल टिकल्या होत्या आणि प्रत्येकीत तीन तिरप्या फटी, इतक्या रेखीव की बाबांच्या काठावरचे दातेही ओशाळावेत. "ती यातून श्वास घेते," सर म्हणाले. "तोंड मांसात बुडवून खात राहायचं असेल, तर नाक मागेच हवं ना!" लहान अळीला दोन फटी असतात, कात टाकून मोठी झाली की तीन. फटींचं वळण, भोवतालचं कडं पुरतं मिटलेलं की उघडं, यावरून जात ओळखायची. जात कळली की तिचं वाढीचं वेळापत्रक कळतं, आणि वेळापत्रक कळलं की ती अंड्यातून कधी निघाली ते कळतं.

"माणूस गेल्याचं घरच्यांना कळायच्या आधी माशीला कळतं," सर सांगायचे. "दिवसा असेल तर काही मिनिटांत. आणि तिला लपवाछपवी येत नाही." मला वाटे, ही केवढी मोठी गोष्ट आहे आणि आपण आयुष्यभर तिला वर्तमानपत्राने हाकलत आलो! निळ्या-हिरव्या चकाकत्या अंगाची, विटकरी लाल डोळ्यांची ती माशी मी मिठाईच्या दुकानात हजारदा पाहिली होती. आता ती दिसली की मी थांबायचे. आजही थांबते. नंदनवन भागातल्या आमच्या सोसायटीत मला त्यामुळे जरा सरकलेली समजतात आणि माझी त्याला काही हरकत नाही.

होळीच्या आदल्या दिवशी, सोमवारी, प्रताप नगरच्या एका बंद घरात एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका मृत सापडल्या. डोक्याला मार होता. ठाणेदारांचा निरोप आला आणि सर मला घेऊन गेले. मी व्हरांड्यातच बसले होते. सरांनी आतून अळ्यांची डबी आणून दिली आणि सांगितलं, "निम्म्या उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकायच्या, मग स्पिरिटमध्ये. निम्म्या जिवंत ठेवून वाढवायच्या, माशी होईपर्यंत." कुंपणापाशी शेजारपाजारचे लोक जमले होते आणि जो तो सुमनबाईचं नाव घेत होता. सुमनबाई म्हणजे त्या बाईंकडे स्वयंपाकपाणी करणारी, जरीपटक्याकडून रोज येणारी विधवा. मागच्या मंगळवारी भाचीच्या लग्नासाठी ती गावी गेली होती. जाताना रजेवरून दोघींचं भांडण झालं होतं आणि ती फाटकातून ओरडली होती, "मंग राहा एकट्याच!" शनिवारी संध्याकाळी ती परतली आणि थेट इथेच आली, दाराशी उभी असताना शेजारणीने तिला पाहिलं होतं. ती म्हणत होती, मी कडी वाजवली, दार उघडलं नाही, मी घरी गेले. यावर कोणाचा विश्वास नव्हता. दाराला ओढून घेतलं की आपोआप लागणारं कुलूप होतं, त्यामुळे आतून कोण केव्हा बाहेर पडलं ते सांगायला कोणी साक्षीदार नव्हता. माझ्या मांडीवरच्या डबीत होता तेवढाच.

प्रयोगशाळेत मी पाणी उकळायला ठेवलं. सर प्राचार्यांकडे गेले होते. पाण्याला कढ आला, डबीतल्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या आणि माझा हात काही पुढे होईना. मुनी महाराज जागे झाले. मी स्वतःची समजूत घातली की मरायचंच आहे तर निदान पोळून नको, आणि निम्म्या अळ्या तशाच जिवंत थंड स्पिरिटमध्ये सोडल्या. बाटलीवर चिठ्ठी लावायची असते. त्यावर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'उकळत्या पाण्यात मारल्या'. नाही तर सर रागावले असते. इतकं साधं कारण होतं. आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले असेन, पण इतक्या सुंदर अक्षरात नाही.

सरांनी संध्याकाळी पाहिलं. जात तीच, लाल डोळ्यांच्या माशीची. फटी तीन. पण लांबी कमी. त्यांनी वर्षानुवर्षं स्वतः अळ्या वाढवून केलेला तक्ता काढला, पट्टी लावली आणि म्हणाले, "नुकतीच कात टाकलेली दिसते. दोन दिवसांची. म्हणजे शनिवार." त्यांनी माझ्यादेखतच ठाणेदारांना फोन केला. शनिवारी सुमनबाई दाराशी होती. मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगते: मला अभिमान वाटला. आम्ही गुन्हा उकलला होता!

कॉलेजला दोन दिवस सुट्टी होती, म्हणून जिवंत अळ्यांचा डबा आणि ती बाटली मी घरी आणली. डब्यात खाली लाकडाचा भुसा आणि वर कलेजीचा तुकडा. बाबांनी डोकावून पाहिलं, "पोरी, ह्या किड्यायले कलेजी अन् बापाले वांग्याची भाजी?" आईने डबा फळीवर ठेवला, वर फडकं बांधलं. ज्या बाईने आयुष्यभर कोश सांभाळले तिला अळ्यांची किळस कसली! मंगळवारी सकाळी पाहिलं तर अळ्या कलेजी सोडून भुशात शिरत होत्या. मला वाटलं, कलेजी शिळी निघाली. मी दुसरा तुकडा ठेवला, त्याला एकीनेही तोंड लावलं नाही. बुधवारी धुळवड. गल्लीत सकाळपासून डफ वाजत होता, घराघरात मटणाचा मसाला भाजला जात होता, खसखस आणि काळ्या मिऱ्यांचा ठसका उठला होता. मी डबा उघडला आणि भुशात तपकिरी, कडक, दाण्यांसारखे कोश पडलेले दिसले. सगळ्यांचे नाही, पण बऱ्याच जणींचे.

आई पाट्यावर मसाला वाटत होती. हात तसाच मसाल्याचा ठेवून ती आली, डब्यात पाहिलं, मग बाटली उचलून उजेडात धरली.

"ह्या अन् त्या एकाच डबीतल्या?"

"हो."

"मंग ह्या एवढ्याशाच काहून? ज्या परवा एवढ्याशा होत्या, त्या आज कोशात कशा बसतीन? पोट भरल्याबिगर किडा कोश करत नाही वं." तिने बाटली हलवली. "आकसल्या ह्या. थंड्यात टाकल्या न तू?"

आईने माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं असावं. "आमच्या माहेरी कोसा उकळताना एखांदी आळी पोत्यातून येते, कोश न झालेली. ते उकळत्यात पडली का काडीसारखी लांब होते, जेवढी हाये तेवढी. थंड्यात मेली का गोळा होते. कोण्याई लेकराले माहीत असते हे."

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आई चौथी शिकलेली. इतक्या वर्षांनी हे लिहिताना माझी मान अजूनही तिच्यापुढे आपोआप खाली जाते. सरांच्या तक्त्यातल्या सगळ्या अळ्या उकळत्या पाण्यात मारलेल्या होत्या. माझ्या दयेने अळ्या लहान झाल्या होत्या, अळ्या लहान झाल्या म्हणून मरण दोन दिवस अलीकडे आलं होतं, आणि त्या दोन दिवसांच्या फटीत एक बाई अडकली होती. मी आईला ते भरभर सांगितलं, चिठ्ठीसकट. ती रागावली नाही. तिने हात धुतले आणि म्हणाली, "मंग बसून काहून राहिली? पाहून घे खरं हाये का. माह्या बोलण्यावर कोणी फाशी द्याची नाही अन् सोडाचीही नाही."

धुळवडीला आमच्याकडे खाटकाच्या दुकानापुढे रांग लागते. रंगलेली माणसं डबे घेऊन उभी, एकमेकांची टर उडवत. त्या रांगेला वळसा घालून आम्ही मायलेकी दुकानामागे गेलो, जिथे टाकाऊ आतडी आणि चरबी पडलेली असते. आई पदर नाकाला लावून उकिडवी बसली आणि काडीने अळ्या पळीत उचलू लागली. एका रंगलेल्या माणसाने विचारलं, "काय शोधून राहिल्या, मावशी?" आई म्हणाली, "पोरीचं भविष्य." तो तिथून गुमान निघून गेला.

घरी आणून आम्ही एकसारख्या, अंगाने भरलेल्या अळ्या निवडल्या. निम्म्या मी थंड स्पिरिटमध्ये टाकल्या. त्या वळवळल्या, बराच वेळ वळवळत राहिल्या, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की ही काही दया नव्हती. उरलेल्यांची वाटी माझ्या हातात होती आणि चुलीवर पाणी उकळत होतं. आईने विचारलं, "मी टाकू?" मी नको म्हटलं. तिने माझ्या हातावर हात ठेवला नाही, काही धीरही दिला नाही. फक्त पातेल्याच्या काठाला तिने दोन बोटं लावली आणि आपलं नेहमीचं वाक्य पुटपुटली. मी वाटी उलटी केली. अळ्या क्षणात संपल्या. एकदाही वळल्या नाहीत. चिमट्याने काढून पाटावर ओळीने मांडल्या तेव्हा त्या सरळ, तुकतुकीत, पुऱ्या लांबीच्या होत्या, आणि शेजारी त्यांच्याच वयाच्या थंड स्पिरिटमधल्या, आकसून काळपटलेल्या. बघून माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. चार दिवसांच्या एका क्षुद्र जिवात इतकं नेमकं सत्य साठवलेलं असतं आणि आपण हात लावला की ते असं हललेलं दिसतं, याचा तो काटा होता. किडा खोटं बोलत नव्हता. मी बोलले होते.

सरांच्या घरी पोचेपर्यंत वाटेतल्या रंगाने माझा अर्धा चेहरा हिरवा झाला होता. सर व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. मी डबा, बाटली आणि पाट त्यांच्यापुढे ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. सरांनी भिंग घेतलं. फार वेळ पाहिलं. मग भुशातला एक कोश तळहातावर घेतला आणि बोटांवर दिवस मोजत मागे गेले.

"चिठ्ठी कोणाच्या अक्षरात आहे?"

"माझ्या, सर."

"हं." ते उठले, चपला घातल्या. "ही अंडी गुरुवारची आहेत. चल. ठाणेदारांना मी सांगणार नाही, तू सांगायचं. आणि चिठ्ठीबद्दलही."

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून, पाट मांडीवर आडवा सांभाळत मी ठाण्यात गेले. धुळवडीच्या बंदोबस्तात ठाणेदार आधीच वैतागलेले होते. मी सांगू लागले तसे ते खुर्चीत सरसावले. "म्हणजे मॅडम, परवा शनिवार म्हणलं अन् आज गुरुवार? उद्या आणखी काय म्हणसान?" मी म्हटलं, परवाचं मी बिघडवलं होतं, आजचं माश्यांचं आहे. सरांनी पाट पुढे सरकवला आणि जोडीला भुशातले कोश दाखवले, ज्यांना माझा हात लागला नव्हता आणि जे आपल्या वेळापत्रकाप्रमाणे चालले होते. ठाणेदार त्या दोन ओळींकडे पाहत राहिले. त्यांना शास्त्र कळलं की नाही, देव जाणे. पण नजरेला दिसणारी गोष्ट होती. गुरुवारी सुमनबाई लग्नाच्या मांडवात होती, अख्ख्या गावासमोर पुऱ्या लाटत. ते त्यांनी आधीच तपासलं होतं, फक्त त्याचा आतापर्यंत उपयोग नव्हता. पुढे महिन्याभराने डॉक्टरांचं मतही आलं की बाई पाय घसरून ओट्याच्या कोपऱ्यावर पडल्या असाव्यात. सरांनी लेखी अहवालात माझी चूक जशीच्या तशी नोंदवली, माझ्या नावानिशी. त्या कागदाचा मला पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्रास झाला आणि तरी तो बदलावा असं मला एकदाही वाटलं नाही.

सुमनबाई आतल्या बाकावर होती. दोन दिवस तिला सकाळी बोलवून रात्रीपर्यंत बसवत होते आणि सुट्टी संपली की अटक करणार होते. ठाणेदारांनी हाक मारली तेव्हा ती आली. सुकलेली, चाळिशीची बाई, लग्नातली मेंदी अजून हातावर. दोन दिवसांत ती रडली नाही, हेही त्यांना संशयास्पद वाटलं होतं. ठाणेदार म्हणाले, "ह्या मॅडमनं तपासलं. बाई गुरुवारी वारल्या. तुझा संबंध नाही. तू जाऊ शकतेस." मी मनाची तयारी करून उभी होते. ती मला शिव्या देईल, निदान हात तरी जोडेल, आणि दोन्ही मला सोसवणार नव्हतं. तिने यातलं काहीच केलं नाही. ती माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं, "गुरुवारी?"

"हो. गुरुवारी."

"म्हंजे शनिवारी मी कडी वाजवली, तवा त्या पहिलेच गेल्या होत्या?"

"दोन दिवस आधी."

"मले वाटलं रुसल्या. म्हून उघडून नाही राहिल्या. मी पाच मिन्टं बी नाही थांबले वं." तिचा आवाज चिरकला. "आतून आवाज नव्हत्या देऊन राहिल्या न? पाणी नव्हत्या मागून राहिल्या?"

तेव्हा मला कळलं की ती दोन दिवस त्या बाकावर कोणत्या भीतीने बसली होती. अटकेची भीती तिला शिवलीही नव्हती. "नाही," मी म्हटलं. "कोणीच आवाज देत नव्हतं. तुम्ही दारात उभ्या होत्या तेव्हा आत कोणीच नव्हतं."

ती खाली फरशीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली. ठाणेदार पुन्हा म्हणाले की तू जाऊ शकतेस. तिने ऐकलं नाही. माझा हात धरून, मान वर करून ती परत परत एवढंच विचारत होती, "पक्कं न वं, बाई? गुरुवारच न?"